होता तसा करून द्या

पावसाळ्यात तपकीर गल्लीत दुपारी चारलाच दिवे लागतात. पुण्याच्या बुधवार पेठेतली ही गल्ली विजेच्या सामानाची. वायरींची भेंडोळी, पंख्यांची पाती, चार्जर, रिमोट यांतून वाट काढत आत गेलं की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खिडकी नाही. एक काउंटर, एक ट्यूबलाइट, सोल्डरिंगचा वास आणि बसायला प्लास्टिकचं एक स्टूल. या लेखासाठी मी तिथे काही दुपारी बसून होतो.

पहिल्याच दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. पदराला हात पुसून त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि म्हणाल्या, “दादा, याची बॅटरी लागत नाही.”

दुकानदारानं फोन हातात घेतला. “काकू, बॅटरी तर चौऱ्याऐंशी टक्के आहे.”

“ती नाही रे. उजेडाची बॅटरी.”

मग हकिकत बाहेर आली. परवा रात्री वीज गेली तेव्हा त्या जिन्यात होत्या. नेहमीप्रमाणे त्यांनी पडदा वरून खाली ओढला आणि वरच्या ओळीतल्या दुसऱ्या चित्रावर बोट टेकवलं. तिथे ते चित्रच नव्हतं. दिवसभरात आलेले मेसेज होते. पुन्हा ओढला, पुन्हा मेसेज. खालच्या मजल्यावरचं कुणी वर येईपर्यंत त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. आदल्या रात्री फोनवर चक्र फिरलं होतं आणि तो बंद होऊन आपोआप चालू झाला होता. फोननं काही विचारलं की ‘हो’ म्हणायचं, असं मुलानं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या ‘हो’ म्हणाल्या होत्या.

“मला नवीन काही नको,” त्या म्हणाल्या. “होता तसा करून द्या.”

“तसा परत होत नाही, काकू.” दुकानदारानं हे इतक्या हळू सांगितलं, की जणू दोष त्याचाच होता.

पुढच्या दिवसांत ‘होता तसा करून द्या’ हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं. हॉटेलचं जेवण घरपोच नेणारा एक मुलगा आला. अपडेट झाल्यापासून त्याचा फोन चार्जिंग वाचवण्यासाठी पडद्यामागचं अ‍ॅप परस्पर बंद करत होता. ऑर्डर यायची, पण घंटा वाजायची नाही. ऐन जेवणाच्या वेळी तो कोपऱ्यावर गाडी लावून उभा राही आणि आज धंदाच नाही असं समजे. दुकानदारानं सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत जाऊन त्या अ‍ॅपला सूट मिळवून दिली. पैसे घेतले नाहीत. एका कॉलेजच्या मुलीच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटली होती. अपडेट झालं, फोन चालू झाला आणि रेघ दिसली, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ही रेघ सेटिंगनं जात नाही. पडदा बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावर गिऱ्हाईक गप्प होतं. भारतात अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की वनप्लस आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांना आपापल्या ठरावीक मॉडेलांचे पडदे मोफत बदलून देण्याच्या योजना जाहीर कराव्या लागल्या. या मुलीचा फोन कुठल्याच योजनेत बसत नव्हता.

वस्तू बिघडते हे लोकांना मान्य असतं. पंखा जळतो, मिक्सरची ब्रशं झिजतात, त्याबद्दल कुणी इतकं दुखावत नाही. इथे काउंटरवर फोन ठेवताना प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट होती: काल रात्रीपर्यंत चालत होता आणि मी काहीच केलं नाही.

०

ऑगस्ट २०२५मध्ये हा अनुभव एकाच वेळी असंख्य घरांत आला. गणपती आठवड्यावर आले होते. गावी कधी निघायचं, मूर्ती कधी आणायची यासाठी फोनावर फोन चालू होते, आणि अचानक फोन उचलायचा पडदाच निराळा दिसू लागला. गूगलच्या ‘फोन’ या अ‍ॅपचं रूप बदललं होतं. अनेक कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये कॉल घेण्यासाठी हेच अ‍ॅप असतं. आधी बोट वर सरकवलं की कॉल घेतला जायचा, आता आडवं सरकवायचं होतं. अलीकडचे कॉल आणि आवडते क्रमांक ही दोन पानं एकत्र झाली होती. कुणालाही काही डाउनलोड केल्याचं आठवत नव्हतं. अनेकांना वाटलं, फोन कुणीतरी हॅक केला.

खरा प्रकार वेगळा होता. अ‍ॅपची नवी आवृत्ती आधीच गुपचूप फोनमध्ये येऊन बसलेली असते, आणि कंपनीनं आपल्या सर्व्हरवरून कळ फिरवली की तिचा नवा चेहरा उघडतो. मालकानं त्या क्षणी काहीच केलेलं नसतं, आणि करण्यासारखंही काही नसतं.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. हळद कुठल्या वाटीत आणि मोहरी कुठल्या, हे फोडणी करताना कुणी डोळ्यांनी बघत नाही. हाताला ठाऊक असतं. फोन उचलणं ही तशीच हाताला ठाऊक असलेली गोष्ट आहे. ज्यांना अक्षर नीट वाचता येत नाही, ज्यांना मोतीबिंदू आहे, ज्यांची बोटं थरथरतात, अशांनी महिन्या-दोन महिन्यांच्या सवयीनं ती कमावलेली असते. ती रातोरात पुसली जाते तेव्हा त्यांचं नुकसान तरुण माणसाच्या कितीतरी पट असतं. नव्या पडद्याचे रंग किंवा गोलाई चांगली की वाईट, यावर मला काही म्हणायचं नाही. ज्या घरात आजी एकटी असते, तिथे फोन वाजत राहणं आणि तो घेता न येणं ही गंभीर गोष्ट आहे.

त्या आठवड्यात कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक उपाय फिरला. फोनच्या चिन्हावर बोट दाबून धरा, माहितीच्या पानावर जा, वरचे तीन ठिपके दाबा, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा. लोकांनी तो केला आणि जुना पडदा परत आला. मुलांनी आईवडिलांना, भाच्यांनी मावशांना फोनवरून एकेक पायरी सांगत हे करून दिलं. आपोआप अपडेट होण्याची सोय बंद केली नसेल तर काही दिवसांनी नवा पडदा पुन्हा येत असे. तरीही त्या उपायाचं मोल मोठं होतं. मागे जायला वाट असली की माणूस केवढा शांत होतो, हे त्या दिवसांत दिसलं.

हा उपाय अ‍ॅपपुरताच चालतो. फोनची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की ती वाट बंद होते.

०

अपडेट नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे दुकानदार मला भेटले, आणि त्यांच्याशी माझा वाद झाला.

जुलै २०१५मध्ये जोशुआ ड्रेक या सुरक्षा संशोधकानं अँड्रॉइडमधली ‘स्टेजफ्राइट’ नावाची फट उघड केली. चित्रफीत हाताळणाऱ्या भागात ती होती, आणि एक खास बनवलेला मल्टिमीडिया मेसेज येताच समोरच्याचा फोन ताब्यात जाऊ शकत होता. त्यानंतर, ऑगस्टपासून गूगलनं दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या देणं सुरू केलं. सप्टेंबर २०२१मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं आयफोनमधली अशीच फट शोधली. पेगसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर त्या फटीतून, मालकानं कशालाही हात न लावता, आत शिरत होतं. १३ सप्टेंबरला अ‍ॅपलनं आयओएस १४.८ आणून ती बुजवली. ज्या फोनवर आपले बँकेचे व्यवहार, आधारचे ओटीपी आणि मुलांचे फोटो आहेत, त्याला ही दुरुस्ती मिळालीच पाहिजे.

गोम अशी, की ही दुरुस्ती आणि पडद्याची नवी रंगरंगोटी बहुतेक वेळा एकाच गाठोड्यात येतात. कुलूप बदलून हवं असेल तर घरातलं सामान हलवायलाही परवानगी द्या, असा तो सौदा असतो. त्या गाठोड्यावर लिहिलेलं असतं, ‘काही त्रुटी दूर केल्या, कामगिरी सुधारली’. कुठल्या त्रुटी? टॉर्चची जागा बदलणार आहे का? अशी माहिती लिहिलीच तर ती कित्येकदा इंग्रजीत असते आणि अनेक पानं खाली सरकल्यावर सापडते.

गाठोडं तयार होतं कसं, हे थोडं समजून घ्यायला हवं. अँड्रॉइडचा गाभा गूगल बनवतं. क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी तो आपल्या चिपशी जुळवते. मग फोनची कंपनी त्यावर स्वतःचा पेहराव चढवते, आपली अ‍ॅप्स घालते, आणि हे सगळं प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं करावं लागतं. एक दुरुस्ती करताना आधी नीट चालणारं दुसरं काहीतरी मोडतं. त्याला या धंद्यात ‘रिग्रेशन’ म्हणतात. ते पकडायला चाचण्या असतात, पण लाखो लोक लाखो तऱ्हांनी फोन वापरतात आणि त्या सगळ्या तऱ्हा प्रयोगशाळेत उभ्या करता येत नाहीत. म्हणून अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतात. पहिल्या टप्प्यातल्या लोकांचे फोन हीच मग शेवटची चाचणी ठरते, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ज्या अ‍ॅपलकडे चिप, फोन आणि सिस्टिम तिन्ही एकाच घरात आहेत, तिथेही हे घडलं आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आयओएस ८.०.१ आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६चं नेटवर्कच गेलं. बोटाचा ठसाही चालेना. साधारण तासाभरात अ‍ॅपलनं ते मागे घेतलं, दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. फेब्रुवारी २०१८मधला बिघाड तर आपल्या शेजारचा आहे. तेलुगू लिपीतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरचं ते अ‍ॅप कोसळायचं आणि पुन्हा उघडेना. ते अक्षर होतं ‘ज्ञा’. ज्ञानेश्वरांच्या नावाचं पहिलं अक्षर, फक्त तेलुगू वळणाचं. जोडाक्षराचे तुकडे पडद्यावर एकत्र बसवताना सिस्टिमचा हिशेब चुकत होता. १९ फेब्रुवारीला ११.२.६ या अपडेटनं तो सुधारला. कोट्यवधी लोक ज्या लिपीत रोज लिहितात, तिची जोडाक्षरं कुणीतरी आधी नीट तपासून पाहिली असती तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. आपल्या भाषा या यंत्रांमध्ये पाहुण्यासारख्या राहतात.

मार्च २०२१मध्ये अँड्रॉइडवर याहून मोठा गोंधळ झाला. वेबव्ह्यू नावाचा एक भाग असतो. तो इतर अ‍ॅप्सना आपल्या आतच वेबपानं दाखवू देतो. त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. त्या एका भागाचं अपडेट चुकलं आणि जीमेलसह अनेक अ‍ॅप्स उघडता उघडता बंद पडू लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये सॅमसंगच्या स्मार्टथिंग्ज फ्रेमवर्क या पडद्यामागच्या अ‍ॅपचं अपडेट गॅलेक्सी एस १० आणि नोट १० मालिकेतल्या जुन्या फोनांवर पोचलं, आणि ते फोन चालू-बंद, चालू-बंद होत राहिले. अनेकांना फोन पूर्ण पुसून नव्यानं सुरू करावा लागला. ज्यांनी फोटोंची दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांचे फोटो गेले. मूळ सिस्टिमचे अपडेट ज्यांना कधीचे मिळेनासे झाले होते, तेच हे फोन.

०

मागे का जाता येत नाही, याला खरं कारण आहे. जुनी आवृत्ती परत टाकू दिली तर फोन चोरणारा माणूसही ती टाकेल आणि बुजवलेली फट पुन्हा उघडेल. म्हणून कितीतरी फोनांच्या आत अशी कडी असते, की एकदा पुढे गेलेली सिस्टिम मागे येत नाही. अ‍ॅपल तर नवी आवृत्ती आल्यानंतर थोड्याच दिवसांत जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवतं, त्यामुळे ती बसवताच येत नाही. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून सिस्टिमच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आली. नवी प्रत सुरूच झाली नाही तर फोन जुनीवर परततो. म्हणजे परतीची वाट बांधणं तंत्राला अशक्य नाही. ती यंत्र बंद पडू नये म्हणून बांधली आहे. माणूस अडला तर त्याला ती मिळत नाही. सुरक्षेची दुरुस्ती ठेवून पडद्याची मांडणी तेवढी जुनी ठेवू देणं जमण्यासारखं आहे, असं माझं ठाम मत आहे.

सक्तीच्या जोडीला लपवाछपवी आली की विश्वासच तुटतो. डिसेंबर २०१७मध्ये प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी आयफोनच्या वेगाची मोजणी प्रसिद्ध केली. ठरावीक अपडेटनंतर जुन्या बॅटरीचे फोन संथ होत असल्याचं तिच्यात दिसत होतं. दोनच दिवसांत अ‍ॅपलनं ते मान्य केलं. जीर्ण बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग उतरवला होता. कारण पटण्यासारखं होतं, पण ते मालकाला सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलली की फोन पुन्हा पळेल हे न कळल्यानं किती जणांनी नवा फोन घेतला असेल? २८ डिसेंबरला कंपनीनं माफी मागितली आणि अमेरिकेत वॉरंटीबाहेरच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्सनं २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला. त्याआधी, ऑक्टोबर २०१८मध्ये, इटलीच्या स्पर्धा नियामकानं अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला होता. सॅमसंगवरचा ठपका विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे: नोट ७साठी बनवलेली सिस्टिम २०१४च्या नोट ४वर टाकायला लोकांना भरीला घातलं, आणि तिच्या ओझ्यानं फोन बिघडले तेव्हा दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी मारला.

०

ओझं आणि जुना फोन म्हटलं की मला ऑगस्ट २०२१ आठवतो. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. गरोदर बायकांच्या नोंदी, बाळांची वजनं, आहाराचं वाटप, सगळं ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमध्ये भरायचं होतं. त्यासाठी हातात दिलेले फोन कमी रॅमचे, तापणारे, अडकणारे. अ‍ॅपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. कुपोषित मुलांच्या दारोदार फिरणाऱ्या या बायकांनी पंचायत समित्यांच्या आणि प्रकल्प कार्यालयांच्या दारात फोन नेऊन ठेवले आणि सांगितलं, हे घ्या, आम्हाला चालणारा फोन आणि मराठी अ‍ॅप द्या.

या आंदोलनाला कुणी सॉफ्टवेअरचा प्रश्न म्हटलं नाही. मला तो तोच वाटतो. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातं आणि फोन आहे तिथेच राहतो. १ जानेवारी २०२५पासून व्हॉट्सअ‍ॅपनं अँड्रॉइड किटकॅट या जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेतला. फोन वाजत होता, फोटो काढत होता, फक्त गावाशी जोडणारी एक गोष्ट त्यातून गेली. महागड्या फोनांना आता सात वर्षं अपडेट मिळतात. २०२४च्या जानेवारीत सॅमसंगनं गॅलेक्सी एस २४साठी तसं जाहीर केलं. स्वस्त फोन घेणाऱ्याच्या वाट्याला तेवढी वर्षं येत नाहीत. एकच फोन जास्तीत जास्त वर्षं पुरवणारा मात्र तोच असतो.

युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले आहेत. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिमची अपडेट उपलब्ध असावीत, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडे हालचाल सुरू झाली आहे. आयओएस १८ टाकल्यावर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या, तेव्हा जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अ‍ॅपलला नोटीस पाठवली. ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनीच ते जाहीर केलं. ही हेल्पलाइन १९१५ क्रमांकावर लागते. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं मे २०२५मध्ये अहवाल दिला. सुट्या भागांची उपलब्धता, लागणारी हत्यारं यांच्या बरोबरीनं सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यात एक निकष आहे. हा निर्देशांक फोनच्या खोक्यावर छापून आला पाहिजे, मराठीतही, आणि अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळतील हे किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, तशी.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला मी १९१५बद्दल सांगितलं, तेव्हा त्यानं तो क्रमांक जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून काउंटरमागे अडकवला. मग म्हणाला, “पण काकूंचं काय लिहायचं तक्रारीत? फोन चालू आहे, टॉर्च पण चालू आहे.”

काकूंसाठी त्यानं पहिल्या दिवशी जे केलं ते सांगायचं राहिलं. मेसेज आणि बटणं आता वेगवेगळ्या पडद्यांवर गेली होती: डाव्या कोपऱ्यातून ओढलं तर मेसेज, उजव्यातून ओढलं तर बटणं. त्यानं टॉर्चचं चित्र बटणांमध्ये पहिल्या जागी आणून ठेवलं आणि काकूंना करून दाखवलं. त्यांनी केलं, जमलं. “उजेडात जमतंय,” त्या म्हणाल्या.

दुकानदार क्षणभर थांबला. मागे रांगेत तिघे उभे होते. त्यांना “एक मिनिट हं” म्हणून त्यानं ट्यूबलाइट बंद केली आणि फोनचा पडदाही मिटवून काकूंच्या हातात दिला. जिन्याखालचं ते दुकान काळोखात बुडालं. कुणी काही बोललं नाही. पडदा उजळला, मेसेज आले, मिटला. पुन्हा मेसेज. तिसऱ्यांदा काकूंनी डाव्या हाताच्या बोटांनी फोनची उजवी कड आधी चाचपली, मग अंगठा तिथून खाली ओढला. काउंटरवरचे सुटे स्क्रू एकदम चकाकले.

“परत एकदा करते,” त्या म्हणाल्या, आणि रांगेतले तिघेही थांबून राहिले.